सी, डी, ई आणि नणंद-भावजय

आमच्या गल्लीतल्या स्टुडिओत काँप्युटर एक आणि मालकिणी दोन. नणंद फोटो काढायची, भावजय फिल्मा जोडायची. नणंदेचा हात इतका सैल, की फोटो काढायला बसलेलं रांगतं बाळ फोटो संपेपर्यंत चालायला लागायचं. ते सगळे फोटो हार्ड डिस्कवर दिसेल त्या कोपऱ्यात. भावजय फिल्म शोधायला जायची आणि हाती लागायचे कुणाचे तरी दुधाचे दात.

"वन्सं, पसारा आवरा, नाहीतर मीच केर काढते!"

"काढ की. तुझ्या फिल्माही त्यातच गेल्या तर मला सांगू नकोस, वहिनी."

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावून डिस्कची तीन भागांत वाटणी झाली. डी नणंदेचा, ई भावजयीचा, आणि सी खुद्द काँप्युटरच्या विंडोजचा. दुरुस्तीवाला म्हणाला, "सीला जरा ऐसपैस जागा ठेवा हं." दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं, "त्याला कशाला? तो कुठे लोळायचाय?" सीच्या वाट्याला जिन्याखालची जागा आली.

वाटणीचा फायदा मात्र खरा. एकदा विंडोज बिघडलं, सी पुसून नव्याने घालावं लागलं, पण फोटो आणि फिल्मा आपापल्या घरात सुखरूप. नणंद गल्लीभर सांगत सुटली, "हद्द घातली की भांडण नाही!" मलाच चारदा सांगितलं, त्यातलं दोनदा मी झोपेत होतो.

मग एक दिवस शेजारच्या शाळेच्या मोठ्या बाईंचा निरोपसमारंभ ठरला. त्याची फिल्म हे भावजयीचं एकटीच्या नावावरचं पहिलंच काम. संध्याकाळी दाखवायची, आणि दुपारी काँप्युटरने आ वासला. इतका मंद, की चालू करून माणूस दाढी करून यावा, तर पडदा उजाडेपर्यंत पुन्हा खुंट उगवलेले. पंखा असा घुमे, की टेबल पाऊल पाऊल दाराकडे सरके.

दुरुस्तीवाल्याने पाहिलं. "सी गच्च भरलाय. केर काढला, तरी जीव घुसमटतोय. वाढवायला हवा."

"माझ्या ईमध्ये अर्धी जागा रिकामी आहे, घ्या की!" भावजय म्हणाली.

"ई लांब पडतो. सीला लागून डी आहे. अख्खा डी मोडला तरच भिंत सरकेल. ताईंचे फोटो आधी ईमध्ये हलवावे लागतील."

नणंद काँप्युटरच्या आड उभी राहिली. आयुष्यभराची कमाई वहिनीच्या घरात! "आणि तुझ्या हातून पुसले गेले तर?"

"पुसायला आधी बघावे लागतील, वन्सं. एवढं आयुष्य कुणाला आहे?"

नणंद हसणार नव्हती, पण हसली. मग घड्याळाकडे वळणाऱ्या वहिनीच्या डोळ्यांकडे पाहून म्हणाली, "हलवा. बाईंनी मलाही पाढे शिकवलेत."

फोटो निघाले. अशी वरात, की स्टुडिओतले दिवे मिणमिणले आणि समोरच्या न्हाव्याचा पंखा उलटा फिरला. सगळे मोजून उतरल्यावर डी मोडला, सीने हातपाय पसरले आणि फिल्म सरसर तयार झाली. संध्याकाळी मोठ्या बाई ती पाहून इतक्या हसल्या, की निरोपाचं भाषणच विसरल्या. पोरांनी ती पुन्हा लावायला लावली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. "ताई, ईमधून तुकडा काढून तुमचं वेगळं घर करून देऊ?"

"नको, वहिनीकडे बरं आहे."

"पण लक्षात ठेवा, भाग कितीही पाडा, डिस्क एकच. ती गेली की दोघींचं घर गेलं. एक प्रत बाहेर ठेवा."

"ठेवू," भावजय म्हणाली. "दुसरी डिस्क आणू. तिच्यावर मात्र वाटणीची एकही रेघ मारायची नाही."

"आणि माझे फोटो आधी!" नणंद म्हणाली.

"अहो वन्सं, मग माझ्या फिल्मांना जागा उरेल का?"

झालं, पुन्हा जुंपली. पण या वेळी दोघी एकाच खुर्चीवर बसून भांडत होत्या.