टेबलावरचं कापड

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही,” म्हातारा वखारवाला म्हणाला आणि त्याने जेवणाच्या टेबलावरचं कापड दोन्ही कोपरांखाली घट्ट दाबून धरलं, “पण तुझ्या आलेखातला हा खड्डा मी पाडलाय.”

मुलीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. कुठल्या देशाने वर्षानुवर्षं किती कठीण लाकूड विकलं, याचा अहवाल ती लिहीत होती. एका देशाची तांबडी रेघ ऐटीत चढत आली होती आणि एका वर्षी धपकन खाली बसली होती.

“हे तुमच्या लग्नाचं वर्ष, बाबा.”

“मग? तुझ्या आईला महोगनीचं टेबल द्यायचं होतं. त्या देशाचं सगळं लाकूड मीच आधी उचललं, मग विकायला उरणार काय!”

मुलगी हसली. “बरं, कोपरं काढा. मुखपृष्ठासाठी याच टेबलाचा फोटो हवाय.”

म्हाताऱ्याने कोपरं आणखी घट्ट रोवली. लग्नाच्या वेळी खिशात दमडी नव्हती. टेबल बनलं होतं यंत्रं भरून आलेल्या खोक्यांच्या मऊ, स्वस्त पाइनचं, वर गडद पॉलिश मारून. ही गोष्ट आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. लाकडाच्या धंद्यातला माणूस कुणाच्याही घरी गेला की गप्पा मारता मारता फर्निचरवर अंगठ्याचं नख दाबून बघतो. कठीण लाकूड दाद देत नाही. मऊ लाकडावर चंद्रकोर उमटते. आजवर कितीतरी व्यापारी या टेबलाशी जेवून गेले, पण बायकोला टापटिपीची भारी हौस. कापड कधी हललंच नाही. त्या हौसेचे त्याने मनातल्या मनात किती आभार मानले होते!

बायको खिडकीपाशी त्याच्याच सदऱ्याला गुंडी लावत बसली होती. तिच्याकडे चोरून बघत त्याने गोष्टीच्या घोड्याला टाच मारली.

“अगं, ते लाकूड इतकं जड, की जहाज काठापर्यंत बुडालं. मासे थेट आचाऱ्याच्या कढईत उड्या मारायचे! कापायला घेतलं तर करवतीचे दात पडले. बोळकंच झालं तिचं.”

“आणि पुढे ओंडक्यांची रेघ झोपते, चिरलेल्या फळ्यांची वर जाते, ती?”

“तीही माझीच करणी! तिथला मंत्री रडत आला. म्हणाला, शेठ, आता ओंडके नाही विकत, फळ्या नेत जा. तेव्हापासून...”

“अन् एवढ्या जहाजभर लाकडातून हे एवढंसं टेबल?”

“बाकीचं नापास केलं मी. तुझ्या आईच्या तोलाचं लाकूड हवं ना! हे बघ, पोरी, जगात असली महोगनी पुन्हा...”

“खोटं!”

खिडकीतून आवाज आला. बायकोने दातांनी दोरा तोडला.

“खोक्याचं पाइन आहे ते. लग्नानंतर आठवड्याभरातच माझं नख उमटलंय त्यावर. आणि कापड काय मी हौसेने घालते? तुमचे ते नखं दाबणारे दोस्त जेवायला येतात म्हणून घालते. कोपरं उचला आता, चुरगळतंय.”