पहिल्याच ओळीत खुनी

मी एक कीबोर्ड बोलतोय. हळू बोल म्हणू नका, ते मला जमत नाही. दुकानदार माझ्याबद्दल गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचा, "टिकाऊ आहे, पण तोंडाळ आहे."

तरी ताईंनी मलाच उचललं. त्या वर्तमानपत्रात गुन्ह्यांच्या बातम्या लिहायच्या. ऑफिसच्या कीबोर्डवर कुणीतरी चहा सांडला होता, म्हणून मला पदरमोड करून आणलं. शेजारचे कुरकुरले. ताई म्हणाल्या, "कानात बोळे घाला!"

बातमीतली सगळ्यात मोठी गोष्ट पहिल्या ओळीत, ही त्यांची सवय. जागा कमी पडली की संपादक खालून कापतात, म्हणून मुद्दा वर ठेवायचा. शिवाय 'कथित' हा शब्द! कथित चोर, कथित मारहाण. तो इतका बडवला की त्याची अक्षरं माझ्या अंगावरून सगळ्यात आधी पुसली गेली.

मग शिवणकामाच्या एका कारखान्याला आग लागली. बायका आतच होरपळून मेल्या, कारण मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. ते मालकाने स्वतः लावलेलं वॉचमनने पाहिलं होतं. दार फोडताना त्या बिचाऱ्याचे दोन्ही हात भाजले. ताई त्याला भेटून आल्या आणि पहिल्या ओळीत कुलूप लिहिलं. सकाळी छापून काय आलं? शॉर्ट सर्किट!

संपादक नजर चुकवत म्हणाले, "अगं, त्यांच्या जाहिराती बंद झाल्या तर आपण खायचं काय?"

"माझी अख्खी ओळ खाल्लीत की! पोट भरलं असेल," ताई म्हणाल्या. त्यांनी माझी वायर उपटली, मला काखोटीला मारलं आणि जिना उतरल्या. नोकरी गेली खड्ड्यात!

घरी जेवणाच्या टेबलावर माझी स्थापना झाली. आईंनी विचारलं, "आता काय करणार?"

"खुनाची कादंबरी लिहिणार. कुलूप लावणारा त्यात तरी पकडला जाईल."

लिहून झाली. प्रकाशकाने वाचली आणि कपाळाला हात लावला. "ताई, खुनी पहिल्याच ओळीत सांगून टाकलात? ही काय बातमी आहे? लोक शेवटच्या पानासाठी पुस्तक घेतात. कुलूप शेवटी न्या, मधे एक-दोघांवर संशय येऊ द्या. लगेच छापतो."

ताईंना आपली चूक पटली. ओळ पुसली. मधे संशय हवा, म्हणून वॉचमनच्या खिशात किल्ली घातली. माझा जीव नुसता तळमळत होता, पण बटणाला विचारतो कोण?

आई भाजी निवडता निवडता पडद्याकडे बघत होत्या. "अगं, ज्याने हात भाजून घेतले त्याच्याच खिशात किल्ली? मग तो संपादक काय वाईट होता?"

ताईंनी किल्लीची ओळ पुन्हा वाचली. बोटं माझ्यावर तशीच. मग त्यांनी खोडायचं बटण असं दाबून धरलं की किल्ली गेली, खिसा गेला, अख्खं प्रकरण गेलं. पहिली ओळ पुन्हा पहिल्या जागी आली. आनंदाने मी नेहमीपेक्षा जास्तच खडखडलो.

प्रकाशकाला फोनवर सांगितलं, "ओळ हलणार नाही. गरिबावर आळ घेऊन मला रहस्य नको." तो चडफडला, पण छापलं. आणि लोकांनी वाचलं हो! कुलूप कुणी लावलं हे गावभर ठाऊकच होतं, मोठ्याने म्हणायला कुणी धजत नव्हतं.

आता माझ्यावर एक अक्षर धड उरलेलं नाही. एक पाय मोडलाय, त्याखाली पुठ्ठा आहे. ताई दुसऱ्या कादंबरीत आहेत. आणि आज वकिलाची नोटीस आली. कादंबरीतला मालक म्हणजे आमचेच अशील, त्यांची बदनामी झाली, पुस्तक मागे घ्या!

पुस्तकात ना नाव, ना गाव. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आई घाबरल्या. "घे बाई मागे. कोर्टाच्या पायऱ्या कशाला?"

"आई, इतके दिवस मी नुसतं 'तो' म्हणत होते. आज तो स्वतःच 'तो मीच' म्हणतोय," ताई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर बडवलं:

"पुस्तक मागे घेणार नाही. कुलूप लावणारे ते आपले अशीलच, असं आपण म्हणता. एवढंच त्यांच्या सहीने लिहून पाठवा."

सही येते का बघू. तोवर मला भंगारात घालायची भाषा कुणी करू नका. पुसलेला असलो तरी आमचं अजून पुष्कळ बडवायचं राहिलंय.