ठिपका हलला

"हलला, बाई. बघा ना, चांगला हलला," म्हणत एदेल्मिराबाईंचा तरुण सहकारी फाकुंदो खुर्चीतून उठलाच.

वाल्पाराइसोच्या विद्यापीठातली ती चिमुकली खोली बघता बघता भरली. पडद्यावर एका कोवळ्या ताऱ्याभोवतीची धुळीची चकती होती, चकतीत एक काळी फट आणि फटीत ठिपका. गेल्या वर्षीच्या चित्रात तो जरा वर होता, वाळवंटातल्या दुर्बिणींच्या नव्या चित्रात खाली. म्हणजे ताऱ्याभोवती फिरतोय, म्हणजे नुकता घडत असलेला ग्रह. एदेल्मिराबाईंचा जन्म दुसऱ्यांनी दुर्बिणीतून घेतलेली चित्रं साफ करण्यात गेला होता. हा ठिपका मात्र सगळ्यांत आधी त्यांनाच दिसला होता. डिसेंबरात त्या निवृत्त होणार, आणि त्याआधी एका शोधावर त्यांचं नाव पहिलं लागणार होतं.

कुणीतरी केक आणला. बाईंनी आपला तुकडा तसाच टेबलावर ठेवला. त्या सारख्या पडद्याजवळ जात, परत येत.

"आता काय टोचतंय तुम्हाला?" फाकुंदोने विचारलं.

"दोन्ही चित्रं ताऱ्यावर जुळवलीस ना?"

"नेहमी तशीच जुळवतो की आपण."

"अरे, तारा स्वतः आभाळात सरकतो. आपण त्याला खिळा ठोकून मधे बसवलाय."

टेकडी चढणाऱ्या लिफ्टमधून बाहेरचा खांब खाली जाताना दिसतो, तसलाच हा प्रकार. फाकुंदो कुरकुरत मोजायला बसला. ठिपका जेवढा खाली, तारा वर्षभरात तेवढाच वर सरकलेला. ठिपका जागचा हललाच नव्हता. तो फार मागची कुठलीतरी दीर्घिका होता, या ताऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

"छापून टाकू, बाई," फाकुंदो हळूच म्हणाला. "कुणी तपासेपर्यंत तुम्ही निवृत्त व्हाल."

"मी होईन रे. तुला इथेच राहायचंय."

एवढं बोलून बाईंना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

संध्याकाळी घरी चहा मांडला होता. बंदरावर क्रेन चालवून थकलेला त्यांचा नवरा रिगोबेर्तो पावाला अॅव्होकॅडो लावत होता. ग्रहाची बातमी गल्लीभर त्यानेच केली होती. बाईंनी सगळं सांगितलं. त्याने पाव तसाच ताटलीत ठेवला.

खालून शेजारची ओतिलिया ओरडली, "काय गं, फिरतोय का तुझा ग्रह? नाव ठरवलंय आम्ही त्याचं."

रिगोबेर्तो उठू लागला. "थांब, मी सांगतो काहीतरी."

"बस तू."

बाई खिडकीशी गेल्या. "तो ग्रह नाही, ओतिलिया. चुकलं माझं," त्या म्हणाल्या, वरच्या घरांनाही पुन्हा विचारावं लागू नये इतक्या मोठ्याने.