मधलं नाव

"वडिलांचं नाव?" पेन सरसावत सुलक्षणाने विचारलं.

दोन हजार एकवीसचा जानेवारी. आयर्लंडमधल्या ड्रोहेडाजवळच्या वृद्धाश्रमात कोविडची लस आली होती आणि लस देणारे दोनला निघणार होते. पुन्हा कधी येतील, देव जाणे. सुलक्षणा ज्या बोळातल्या म्हाताऱ्यांची देखभाल करायची, तिथल्या तीन खोल्या पंधरवड्यात रिकाम्या झाल्या होत्या. चौथी लेन्झ आजोबांची. वय पंच्याऐंशी, छातीत घरघर.

खरं तर अर्जाने वडिलांचं नाव मागितलंच नव्हतं. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये एक चौकट होती, आणि तिथं बाप बसवल्याशिवाय मराठी माणसाला चैन पडत नाही.

आजोबा पांढरेफटक पडले. "कोणी पाठवलं तुला?"

"अहो, मी सुलक्षणा! रोजची पॉरिजवाली!"

"तेही हसतच आले होते. म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे."

मग तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. पूर्व जर्मनीतलं मेक्लेनबुर्ग. युद्धानंतर रशियन फौजांच्या पहाऱ्यात उभं राहिलेलं आणि सात वर्षांत कम्युनिस्टांनीच मोडून तीन जिल्हे केलेलं राज्य. सुलक्षणाच्या पुण्यातल्या सोसायटीची कमिटीसुद्धा त्याहून जास्त टिकली होती. पण तेवढ्या अवधीत त्याने आजोबांचा बाप नेला. दार दहा वर्षांच्या आजोबांनीच उघडलं होतं. आलेल्या माणसांनी बापाचं नाव विचारलं, पोराने खणखणीत सांगितलं. बाप गोठ्यात आहे, हे तर न विचारताच.

सुलक्षणाने घाईघाईने चौकटीवर फुली मारली.

"फुली नको!" आजोबा ओरडले. "फुली मारलेले कोणी परत आले नाहीत."

ती नव्या अर्जासाठी धावली. बाहेर खोकी बंद होत होती. "पाच मिनिटं थांबा ना, प्लीज."

"ग्रँड," लस देणारी बाई आयरिश थाटात 'ठीक' म्हणाली. "पण पाचच हं."

नव्या अर्जातली चौकट कोरी ठेवली. आजोबांनी तिच्यावरून बोट फिरवलं, कागद उजेडात धरला. सुलक्षणाचा एक डोळा घड्याळावर. शेवटी सही झाली, सुईही टोचली.

"आता पंधरा मिनिटं बसायचं. लक्ष ठेवावं लागतं."

"कोण ठेवणार?"

"मी."

आजोबांनी मान डोलावली. कपाटातून ओव्हरकोट काढून गळ्यापर्यंत बटणं लावली, बूट चढवले आणि दाराकडे तोंड करून पलंगाच्या कडेला बसले.

"झालं, आजोबा. काढा कोट."

"गाडी गेली?"

खिडकीखाली पांढरी गाडी फाटकातून वळत होती. ती दिसेनाशी झाल्यावरही त्यांनी आधी फक्त वरचं बटण सोडलं.