दुहेरी फडकं

"गाळ्याबिगर पानी कोनले देऊ नको, अनुसया. दुश्मनले बी नही."

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण माठाच्या तोंडावर दुहेरी फडकं धरलं की तो आवाज अनुसयाच्या कानाशी येई. आताही तिनं कळशी अलगद कलती केली, पाणी फडक्यातून धिम्या धारेनं उतरू दिलं, आणि भरलेला तांब्या ओट्यावर बसलेल्या रुचिकापुढे ठेवला.

रुचिका कॉलेजकडून आलेली, नद्यांचा अभ्यास करणारी मुलगी. पुढे तापीला मिळणारे दोन नाले तिनं निवडले होते. गावच्या नाल्यातून दर गुरुवारी अनुसया बाटली भरे. डोंगराकडच्या पाड्यावर तिथल्या नाल्यातून भीमसिंग भरे. दोन वर्षं हे चाललं होतं.

"या खताच्या घाणीला एक तोंड नसतं, उखाकाका," लॅपटॉप फिरवून रुचिका अनुसयाच्या जेठांना, थोरल्या दिरांना, सांगत होती. "पाइप असला तर बोट दाखवता येतं. ही सगळ्या शेतांतून थोडी थोडी येते, पावसाबरोबर. आणि रोज मोजायला आपल्याकडे यंत्र कुठंय? दोन नाले, दोन माणसं, आठवड्याला एक बाटली. मधलं सगळं गणितानं भरायचं."

"मंग काय म्हनस तुन्हं गनित?"

"तीच तर गंमत. ही पाड्याची रेघ, वर चढलेली. ही तुमची, जमिनीला टेकलेली. एवढी पपई, ठिबकमधून एवढं खत, आणि पाण्यात जवळजवळ काही नाही! गणित आधी ऐकेना. म्हणे, तुमचाच नाला जास्त घाण असायला हवा. शेवटी मी त्याचेच कान पिळले. म्हटलं, काकूंनी हातानं भरलेली बाटली खोटं नाही बोलणार."

उखा मिशीत हसले. "आम्हनं गावनं पुन्य शे ते."

"असेल. खत मातीच्या कणाला धरून येतं ना, काका. काकूंच्या बाटलीत तळाला कणसुद्धा बसत नाही. काचेसारखं पाणी." तिनं तांब्या तोंडाला लावला. "उद्या बारा वाजता शहाद्याला अधिकाऱ्यांची बैठक आहे. पाड्यावर नाल्याकाठची दहा-दहा पावलं जमीन पडीक सोडायला सांगणार आहेत. तुमच्या गावाला काही नाही."

उंबऱ्याच्या आत अनुसया फडकं पिळत होती. पिळता पिळता तिचे हात थांबले. फडक्याच्या मधोमध बाटलीच्या तोंडाएवढा तपकिरी डाग होता. सोडा लावून, उन्हात घालून तो कधी गेला नव्हता.

पहिल्या दिवशी रुचिकानं कागदावर सही मागितली होती. अनुसयानं सही तर केलीच, पण तिला ती पुरेशी वाटली नाही. तिनं ओंजळीत नाल्याचं पाणी घेऊन शब्द दिला होता, "हाई पानीमाय जशी शे तशीच तुले आनी देसू." आणि त्याच गुरुवारी बाटलीच्या तोंडावर फडकं पसरलं होतं. परक्याच्या लेकीला पाणी द्यायचं, ते न गाळता कसं द्यायचं? तिच्या मनात दुसरा विचार आलाच नव्हता.

तिनं तोंड उघडलं. पण ओट्यावर जेठ बसले होते. या घरात येऊन अठ्ठावीस वर्षं झाली, जेठांसमोर तिचा आवाज कधी निघाला नव्हता. नवरा गेल्यावर याच घरानं तिला ठेवून घेतलं होतं. तिनं जाऊबाईंकडे, छबूबाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या.

रुचिकाची गाडी वळणाआड गेली. उखा फाटकाकडेच पाहत म्हणाले,

"छबू, तिले सांग. नियम मोडू नको म्हना. उद्या बी गाळीसनच भर. मायनं सांगेल शे ना, गाळ्याबिगर पानी कोनले देऊ नको."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. नाल्याच्या काठावरच तर त्यांची पपई होती; दर गुरुवारी ते तिला पाहत असणार. शब्द सासूबाईंचेच होते, अक्षर न् अक्षर. पण अनुसयाला पदर घट्ट ओढून घ्यावासा वाटला.

संध्याकाळी पपई भरायला आलेली गजराबाई ओट्याशी थांबली. भीमसिंगची बायको ती. अनुसयानं तिच्या ओंजळीत पाणी ओतलं, फडक्यातून.

"बाई, तुमी नाल्याला मंतर मारता का?" गजराबाई ओलं तोंड पुसत हसली. "भीमसिंग म्हणतो, आपण पण अनुसयाबाईसारखं चांगलं पाणी भरायला पायजे होतं. आमी साधी माणसं, जे दिसलं ते भरलं."

"खत किती टाकता वर?"

"वरसात एक गोणी, मिळाली तर. आता काठाचं शेत सोडा म्हणतात. आमचं शेतच काठाला आहे, बाई. मागे नुसता दगड." ती पुन्हा हसली, पण ओंजळ तशीच धरून राहिली. "घाला अजून. तुमच्याकडचं पाणी गोड लागतं."

अनुसयानं घातलं.

गुरुवार पहाटेपासून पावसानं लावून धरलं. श्रावणात महादेवाला पाणी घातल्याशिवाय अनुसया बोलत नसे. चुलीशी छबूबाईच बोलत होत्या, हळू, समजुतीनं.

"ऐकी ले, वं बहीन. एक बाटलीनी गोट शे. आपलंच शेत, आपलंच घर. हाई सोडीसन कोठे जाशी तू?"

मौन होतं म्हणून बरं. नाहीतर उत्तर द्यावं लागलं असतं.

महादेवाचं देऊळ नाल्याच्या काठालाच. पपईच्या सऱ्यांमधून लाल-तपकिरी ओघळ वाहत येत होते आणि नाल्यात मिसळत होते. तिनं तांब्या बुडवला, सवयीनं फडकं उलगडलं, पिंडीवर धरलं. तिची नजर त्या डागावर गेली. मग फडक्याची घडी केली आणि तांब्या तसाच रिता केला.

पिंड क्षणभर मातकट झाली. गढूळ धार पन्हळीतून वाहून बाहेर नाल्याला मिळाली. देवानं ती तशीच घेतली होती.

मग ती पाण्यात उतरली. बाटली तीनदा विसळली, रुचिकानं शिकवलं होतं तशी, आणि काठोकाठ भरली. चिठ्ठीवर तारीख घातली. खाली बारीक अक्षरात लिहिलं, "न गाळता. याआधीच्या सगळ्या गाळलेल्या." बाटली पिशवीत ठेवली, तिच्या शेजारी ते डागाळलेलं फडकं.

फाट्याची वाट घरावरूनच जात होती. उखा ओट्यावर छत्री घेऊन उभे होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"छबू, इचार तिले, कोठे निंघनी?"

छबूबाई दारात आल्या, पण त्यांनी विचारलं नाही. अनुसयानं डोक्यावरचा पदर सारखा केला. पाणी घालून झालं होतं. आता बोलायला हरकत नव्हती.

"शहादाले, दादा," ती खाली पाहत म्हणाली. "बारा वाजता पोचनं शे."

आणि ती पावसात फाट्याकडे चालू लागली. पिशवीत बाटलीच्या तळाशी माती बसू पाहत होती, आणि प्रत्येक पावलाला पुन्हा वर उठत होती.