एकाचे दोन ठोके

"आता धडधड मी मुद्दाम आणणार आहे, बाई. घाबरू नका," डॉक्टर बेंतांकुर म्हणाली.

देलमिरा टेबलावर उताणी पडली होती. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा थेट हृदयात गेल्या होत्या. अकरा वर्षं ही धडधड तिला शिवणयंत्रावरून उठवत होती आणि अकरा वर्षं ती मनाचा आजार म्हणून गोळ्या गिळत होती. ठरलेलं लग्नही त्यापायी मोडलं होतं.

तारेतून विजेचे हलके ठोके सुटले. पडद्यावर रेघा दाटल्या, आणि एकदम ती आली, गळ्यापर्यंत.

"हीच का?"

"हीच." देलमिराला रडू आलं. आजवर ही धडधड तिच्याशिवाय कुणालाच कळली नव्हती.

डॉक्टरने ठोके बदलून पुन्हा पुन्हा खात्री केली. मग समजावलं, की हृदयाच्या वरच्या कप्प्यातून येणारा एकच ठोका खाली दोन वाटांनी उतरतो, एक जलद, एक संथ; म्हणून एकाचे दोन होतात. असं क्वचितच आढळतं, पण संथ वाट जाळली की थांबतं. मनाचा काही संबंध नाही. ती वाट तिने तारेच्या उष्णतेने तिथेच जाळलीही.

दुपारी पाय सरळ ठेवून देलमिरा खाटेवर पडलेली असताना डॉक्टर तिच्या गावच्या, पायसांदूच्या दवाखान्यातली जुनी फाइल घेऊन आली. पहिल्याच वर्षीच्या हृदयालेखाच्या पट्टीवर तिथल्या डॉक्टरांना शंका आली होती. खाली लिहिलं होतं: मोंतेविदेओला न्यावे, भावास सांगितले. मग तेव्हाच इथे राजधानीत आला का नाहीत, असं डॉक्टरने विचारलं.

तिचा भाऊ इलारियो खाटेशेजारी माते, तिकडचा कडवट पाल्याचा चहा, ओतत होता. त्याचा हात थांबला. घरी येऊन त्यानेच सांगितलं होतं, की डॉक्टर म्हणतात सगळे मनाचे खेळ आहेत.

डॉक्टर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली. तू गेली असतीस तर तिचं कोणी केलं असतं?"

"आईला जाऊन सात वर्षं झाली, इलारियो."

इलारियोने मातेचा पेला खाली ठेवला.

तेवढ्यात परिचारिका कागद घेऊन आली. पेशंटला घरी कोण नेणार, त्याची सही हवी होती. इलारियोने पेन घेतलं.

"त्यांची नको," देलमिरा म्हणाली. तिने घराशेजारच्या सुल्माचा फोन नंबर सांगितला, सावकाश, एकेक आकडा.

परिचारिकेने तो स्वतःच्या पेनाने लिहून घेतला. तिचं दुसरं पेन इलारियोच्या हातातच राहिलं. ते कुठे ठेवावं, हे त्याला बराच वेळ सुचलं नाही.