झाकलेल्या चौकटीची उंची

राबिया नांदुऱ्यात घरीच वेबसाइट बनवायची. एका संस्थेने तिला कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन दगावलेल्यांच्या आठवणीचं पान करायला दिलं. बोंडअळी लागू नये म्हणून आणलेल्या बीटी कपाशीवरही गुलाबी बोंडअळी पडली, त्या हंगामात फवारणी फार वाढली होती. पानावर नुसती नावं दिसायची. नाव दाबलं की खाली झाकलेली चौकट उघडायची. आत फोटो आणि चार ओळी.

आशाबाई त्यातली नवऱ्याची, भागवतची चौकट बघायला एसटीने आल्या. भागवत दुसऱ्याच्या शेतात फवारायला जायचा. राबियाने त्याचं नाव दाबलं. चौकट उघडली आणि फोटोतल्या कपाळापाशीच थांबली.

राबिया ओशाळली. झाकलेल्या चौकटीची उंची कॉम्प्युटरला कळत नाही, ती कोणाला दिसणार नाही अशी क्षणभर उघडून मोजावी लागते, आणि आपण फोटो यायच्या आधीच मोजलं, असं तिने समजावून सांगितलं. आशाबाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्या पडद्याकडेच बघत होत्या.

"दवाखान्यातबी मले इतकंच दाखवलं होतं," त्या म्हणाल्या. "कपाळ. बाकी सारं बांधेल होतं."

गावी नेल्यावरही माणसांनी अंत्यविधीची घाई केली होती. तोंड सुजलंय, बाईमाणसाने बघू नये, असं दीर म्हणाला होता.

राबियाने दुरुस्ती केली. आधी फोटो येऊ दिला, मग उंची मोजली. पुन्हा नाव दाबणार, तोच आशाबाईंनी तिचा हात धरला.

"हळू उघडू दे वं माय."

राबियाने वेग कमी करून नाव दाबलं. कपाळ दिसलं, मग डोळे, मिशी, लग्नातल्या सदऱ्याची कॉलर. आशाबाई पडद्याजवळ सरकल्या. रडल्या नाहीत. मिशी त्याने गेला त्याच वर्षी ठेवली होती, एवढंच म्हणाल्या.

चौकट बंद कशी होते तेही दाखवावं म्हणून राबियाने नाव पुन्हा दाबलं. चौकट खालून वर मिटू लागली. कॉलर गेली, मिशी गेली, डोळे गेले. आशाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"त्यायले पुन्हा झाकू नको, माय."

राबियाने त्या एका नावापुरतं बंद होणं काढून टाकलं. पुढे संस्थेतून फोन आला, भागवतची चौकट मिटत नाही, काही बिघाड आहे का, म्हणून. बिघाड नाही, तिने सांगितलं. ती तशीच राहणार आहे.